परसांतील झुकिनी

मार्गशीर्षांतील एखाद्या सकाळीं बुलढाण्याच्या एखाद्या घरीं असा प्रसंग घडतो. गृहिणी पाण्याची बादली घेऊन परसांतल्या झुकिनीच्या आळ्यापाशीं येते, हातभर रुंदीचें एक पान बाजूस सारते, आणि त्याखालीं वीतभर लांबीचें हिरवें, तुकतुकीत फळ तिच्या दृष्टीस पडतें. हात सुरीकडे जातो, पण मन माघार घेतें. 'आणखी दोन दिवस राहूं द्यावें, जरा भरेल,' असें तिला वाटतें. दोन दिवसांनीं तें फळ मनगटाएवढें जाड होतें, आठवड्यानें दंडाएवढें, आणि पुढें शेजाऱ्यांना बोलावून दाखविण्याजोगें. त्या मुदतींत झाडावर नवीं फळें मात्र जवळजवळ धरत नाहींत. मागाहून आलेलीं चिमुकलीं फळें पिवळीं पडून गळतात, आणि घरची मंडळी झाडावर रोग पडला असें समजून कृषि-सेवा केंद्राकडे औषध आणावयास जातात. झाड निरोगी असतें. पहिलें फळ वेळेवर तोडलें नाहीं, एवढेंच काय तें घडलेलें असतें.

वऱ्हाडच्या माणसास हा मोह व्हावा हें स्वाभाविक आहे. पुण्याकडे ज्यास तांबडा भोपळा म्हणतात त्यास वऱ्हाडांत कोहळें म्हणतात, आणि कोहळें कोणी कोवळें तोडीत नाहीं. तें वेलावर पूर्ण पिकूं द्यावयाचें, साल नखास दाद देईनाशी झाली म्हणजे उतरवावयाचें, आणि पुढें कित्येक महिने घरांत ठेवून लागेल तेव्हां फोडावयाचें, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. त्याच्याच गोड बोंडांवर वऱ्हाडांतील सण साजरे होतात. झुकिनीचें पान, फूल व बीं पाहिलें कीं कोहळ्याचें नातें लगेच ओळखूं येतें, आणि मग तोडणीचा नियमही कोहळ्याचाच लावला जातो. वास्तविक त्याच परसांत मांडवावर गिलकें चढलेलें असतें. गिलक्याच्या बाबतींत अशी चूक कोणी करीत नाहीं. कारण चार दिवस जास्त राहिलेल्या गिलक्याची भाजी होत नाहीं, अंग घासण्याचा चोथा होतो, हें लहान मुलांसही ठाऊक असतें. झुकिनी कुळानें कोहळ्याची खरी, परंतु तोडणीच्या बाबतींत ती गिलक्याची बहीण होय. ही एक गोष्ट नीट ध्यानीं धरली म्हणजे या भाजीचें निम्मे शास्त्र पदरीं पडलें.

तिच्या नांवांतही हेंच सांगितलेलें आहे. इटालियन भाषेंत भोपळ्यास 'झुक्का' म्हणतात. 'झुकिनो' म्हणजे लहानसा भोपळा. या कुळाचें माहेर अमेरिका खंडांत आहे. मेक्सिकोंतील ओआहाका प्रांताच्या एका गुहेंत या जातीच्या बिया सांपडल्या. त्या सुमारें १०,००० वर्षांपूर्वींच्या असून लागवडीखालच्या झाडांच्या आहेत, असें संशोधन १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे मका माणसाच्या शेतांत येण्यापूर्वींच हा भोपळा आलेला होता. त्या काळच्या लोकांस गर खातां येत नसावा, कारण रानभोपळ्याचा गर जहरासारखा कडू असतो. ते बिया खात असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. या कडूपणाची गांठ पुढें पुन्हां पडावयाची आहे. कोलंबसानंतर हें बीं युरोपांत पोंचलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उत्तर इटलींत, मिलान शहराच्या आसमंतांत, आजची लांबट हिरवी झुकिनी तयार झाली. तेथून स्थलांतर करणाऱ्या इटालियन कुटुंबांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेली. अशा रीतीनें माहेरची लेक बऱ्याच वळशानें माहेरीं परत आली. इंग्रजांनीं मात्र याच कुळांतील फळ चांगलें हातभर फुगवून 'मॅरो' म्हणून खाल्लें. त्यांची रुचि त्यांच्यापाशीं.

हिंदुस्थानांत ही भाजी सर्वस्वी परकी राहिलेली नाहीं. पंजाब, हिमाचल प्रदेश व उत्तर प्रदेश या भागांत तिचे भाऊबंद 'चप्पन कद्दू' या नांवानें बाजारांत येतात. भारतीय कृषि संशोधन संस्थेच्या कुलू खोऱ्यांतील कटराईं येथील केंद्रानें 'पुसा अलंकार' हा संकरित वाण काढला. लुधियानाच्या पंजाब कृषि विद्यापीठाचा 'पंजाब चप्पन कद्दू १' हाही प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रांत पुणें-नाशिकाकडील कांहीं शेतकरी हॉटेलांच्या मागणीसाठीं झुकिनी पिकवितात. मोठ्या शहराच्या बाजारांत ती आतां सहज दिसते. परंतु तेथील फळ तोडून दोन-चार दिवस झालेले असतात आणि साल ओरखडलेली असते. घरच्या परसांत एवढा खटाटोप कां करावा, या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे. सकाळीं तोडून दुपारीं शिजविलेल्या कोवळ्या झुकिनीची गोडी दुकानांत विकत मिळत नाहीं.

बुलढाणा जिल्ह्याचे हवामानाच्या दृष्टीनें सरळ दोन भाग पडतात, आणि तेथील लोकही 'घाटावरचे' व 'घाटाखालचे' अशीच भाषा करतात. जुन्या वऱ्हाडांत यांनाच बालाघाट व पयानघाट म्हणत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा मुलूख अजिंठ्याच्या रांगेच्या पठारावर आहे. खुद्द बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर असल्यामुळें तेथील हिंवाळा चांगला गारठ्याचा असतो. मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर हा पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील घाटाखालचा भाग. येथें उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या बराच पुढें जातो. झुकिनीस २० ते २८ अंशांची हवा मानवते. पारा ३५ च्या पुढें गेला कीं झाड नुसतीं नरफुलेंच काढूं लागतें आणि परागांतील जीवही कमी होतो. पावसाळ्यांत भुरी, फळमाशी व मूळकूज यांमुळें तिची दैना होते; त्या दिवसांत मांडवावरच्या दोडक्या-गिलक्यांची बरोबरी तिनें करूं नये. तेव्हां तिचा खरा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. दिवाळीच्या सुमारास जमिनींत ऊब असते, त्यामुळें बीं लवकर रुजतें. आणि ४५ ते ५० दिवसांनीं पहिली तोडणी येते तेव्हां हवा तिच्या मनासारखी झालेली असते. घाटावर नाताळाच्या कडाक्यांत पेरलेलें बीं मातींत मुकाट्यानें पडून राहतें. दिवाळीची वेळ चुकली तर माघांत, जानेवारीच्या अखेरीस, पेरावें, आणि एप्रिलच्या मध्यापूर्वीं हिशेब मिटवावा.

जमीन बहुतेक ठिकाणीं काळी, म्हणजे पाणी धरून ठेवणारी. झुकिनीच्या मुळांस ओल हवी, पण चिखल सोसत नाहीं. म्हणून दीड फूट लांबी-रुंदीचा व फूटभर खोल खड्डा काढून त्यांतील मातींत दोन घमेलीं चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें आणि आळें आजूबाजूच्या जमिनीपेक्षां चार बोटें उंच ठेवावें. दोन आळ्यांत ३ फुटांचें अंतर असावें. ही झुडुपासारखी बसकी जात आहे. तिला मांडव लागत नाहीं, पण पानांचा पसारा मोठा असतो. ज्यांस परस नाहीं, केवळ गच्ची आहे, त्यांनीं दीड फूट व्यासाची कुंडी किंवा तळाशीं भोंकें पाडलेला तेलाचा मोठा डबा घ्यावा. प्रत्येक आळ्यांत इंचभर खोल २-३ बिया टोंचाव्या व रोपांस दोन खरीं पानें आल्यावर जोमदार रोप ठेवून बाकीचीं कापून टाकावीं. पांच माणसांच्या घरास तीन झाडें पुरेशीं होतात. एकच झाड लावणें मात्र तोट्याचें. त्याचें कारण फुलांच्या प्रकरणांत येईल.

घाटाखालच्या कांहीं गांवांना एक निराळीच अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पसरलेला जो खारपाणपट्टा, त्यांत विहिरीचें पाणी खारट लागतें व परसबागेंत भाजीपाला नीट येत नाहीं, अशी तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. या पट्ट्यांतील गृहिणींनीं झुकिनीकडे मुद्दाम लक्ष द्यावें. मातींतील क्षारांचें माप विद्युत्‌वाहकतेवरून काढतात. तें माप मीटरमागें सुमारें १ डेसिसीमेनच्या पुढें गेलें कीं घेवड्याचें उत्पन्न घटूं लागतें. काकडी अडीचपर्यंत टिकते. झुकिनी मात्र साडेचारांपर्यंत फारशी कुरकुर करीत नाहीं. भाजीवर्गांत इतका सोसिकपणा थोड्याच पिकांत आढळतो. अर्थात्‌ क्षारानें घट्ट झालेल्या मातींत शेणखताचें प्रमाण दुप्पट करावें लागतें. पाण्याची टंचाई असेल तेथें तांदूळ व भाज्या धुतलेलें पाणी आळ्यांत खुशाल घालावें. कपडे धुतलेलें साबणाचें पाणी मात्र घालूं नये, कारण त्यांतील सोडियम काळ्या मातीचा पोत बिघडवितो, आणि या पट्ट्यांत त्याची आधींच रेलचेल असते. आळ्यावर सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटें थर दिला तर हिंवाळ्यांत तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पाणी पुरतें. पाणी बुडाशीं घालावें, पानांवर शिंपडूं नये.

रोप कोवळें असतांना तांबडे भुंगेरे हा त्याचा मोठा शत्रु. पहिलीं दोन पानें हे किडे चाळणीसारखीं करून टाकतात. पहांटेच्या गारव्यांत ते सुस्त असतात. त्या वेळीं वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकावे व पानांवर चुलीची चाळलेली राख भुरभुरावी. एकदां पांच-सहा पानें झालीं कीं झाड या उपद्रवास जुमानीत नाहीं.

पुढें एक मौजेची फसगत होते. महिनाभराच्या झाडाच्या पानांवर शिरांच्या कडेनें चंदेरी-पांढरे डाग उमटतात. भुरी आली असें वाटून पुष्कळ लोक गंधकाची फवारणी करतात, आणि फवारणीनें डाग जात नाहींत म्हणून आणखी फवारतात. हे डाग झुकिनीच्या कित्येक वाणांत जन्मजातच असतात. बोट फिरवून पाहावें: बोटास पीठ लागलें तर ती भुरी, न लागलें तर तो त्या पानाचा स्वाभाविक रंग. इतकी साधी परीक्षा असून तिच्याअभावीं किती औषध वायां जात असेल, त्याची गणतीच नाहीं.

आतां फुलांकडे वळावयाचें. साधारण पस्तिसाव्या दिवशीं पहिलीं फुलें येतात. मोठीं, केशरी-पिवळीं, कोहळ्याच्या फुलांसारखीं. तीं बहुधा सर्व नरफुलें असतात, लांब सडपातळ देंठावर उभीं. फुलें भरपूर आणि फळ एकही नाहीं, हें पाहून अधीर होऊं नये. आठवड्याभरांत मादीफुलें दिसूं लागतात. मादीफुलाची ओळख सोपी आहे. त्याचा देंठ आंखूड असतो व पाकळ्यांच्या खालीं बोटाएवढी झुकिनी आधींच तयार असते. येथेंच घोटाळा होतो. ती चिमुकली झुकिनी पाहून फळ धरलें असा समज होतो, परंतु तें फळ अद्याप केवळ आशा असते. नरफुलांतील पराग मादीफुलाच्या कुक्षीवर पोंचला तरच तें वाढतें. न पोंचला तर तीन-चार दिवसांत टोंकाकडून पिवळें होऊन कुजतें. थोडाच पराग पोंचला तर फळ एका बाजूस फुगीर व टोंकाशीं निमुळतें, वांकडेंतिकडें होतें.

भोपळ्याचा पराग जड व चिकट असतो. वाऱ्यानें तो उडत नाहीं. तो वाहून नेण्याचें काम मधमाश्यांचें. फूल पहांटे उमलतें आणि दुपार होण्यापूर्वीं कायमचें मिटतें. दुसऱ्या दिवशीं तें पुन्हां उघडत नाहीं. म्हणजे प्रत्येक मादीफुलाच्या वांट्यास सारी मिळून एकच सकाळ येते. त्याच सकाळीं जवळपास एखादें नरफूल उघडें असलें पाहिजे, आणि एखादी माशी दोहोंकडे फिरली पाहिजे. एकाच झाडावर हा योग रोज जुळत नाहीं, तीन झाडें असलीं तर बहुधा जुळतो. एकच झाड लावूं नये असें वर म्हटलें त्याचें कारण हेंच. बुलढाण्याच्या थंडींत माश्या उशिरां बाहेर पडतात. शिवाय सिमेंटच्या वस्तींत त्यांचीं पोळीं राहिलेलीं नाहींत. आणि शहराबाहेर कपाशी-सोयाबीनच्या शेतांतून कीटकनाशकांचा मारा चाललेला असतो, त्यांतून किती माश्या वांचतात हा प्रश्नच आहे.

यावर उपाय घरच्या माणसांच्याच हातीं आहे. सकाळीं सात ते नऊच्या दरम्यान ताजें उमललेलें नरफूल देंठासह तोडावें, त्याच्या पाकळ्या सोलून टाकाव्या, आणि मधला परागानें भरलेला दांडा मादीफुलाच्या मध्यावर सर्व बाजूंनीं हळुवार फिरवावा. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांस पुरतें. लहान मुलें हें काम फार आवडीनें करतात, आणि तें करतांना वनस्पतिशास्त्राचा एक धडा पुस्तकाशिवाय शिकतात. ज्या दिवशीं तें केलें त्या दिवशीं फुलाच्या देंठास सुताचा तुकडा सैल बांधून ठेवावा. पांच दिवसांनीं त्या सुताचा उपयोग समजेल. कडुनिंबाच्या अर्काची फवारणी करावयाची झाल्यास ती संध्याकाळीं करावी. सकाळीं, फुलें उघडीं असतां, कसलेंच औषध मारूं नये. उरलेलीं नरफुलें बेसनांत बुडवून तळलीं तर उत्तम भजीं होतात. मात्र चार-दोन झाडावर राखून ठेवावीं.

परागसंयोगापासून चौथ्या ते सहाव्या दिवशीं फळ तोडणीस येतें. लांबी ६ ते ८ इंच, जाडी दीड-दोन इंच, सालीवर तकाकी, आणि नखाचा नुसता दाब दिला तरी खूण उमटते, अशी अवस्था साधावी. तकाकी जाऊन साल मंद दिसूं लागली म्हणजे उशीर झाला असें समजावें. फेब्रुवारीच्या ऊबदार दिवसांत फळ एका दिवसांत इंचभर सहज वाढतें, त्यामुळें एक दिवसाआड तरी, आणि जमल्यास रोज, पानें उचलून पाहणी करावी लागते. ही पाहणी खालीं वांकून, झाडाच्या चारही बाजूंनीं व्हावी. फळाचा रंग देंठाच्या रंगांत इतका मिसळलेला असतो कीं उभ्यानें पाहणारास तें दिसतच नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं अकस्मात्‌ मुसळासारखें होऊन समोर येतें. पाने व देंठ यांवर बारीक कुसळें असतात. तीं हातास टोंचून खाज सुटते, म्हणून पूर्ण बाहीचा जुना सदरा अंगांत असावा. फळ पिळून ओढूं नये, तसें केल्यानें झाडाचा गाभाच उखडतो. धारदार सुरीनें इंचभर देंठ ठेवून कापावें. साल इतकी नाजूक असते कीं टोपलींत एकमेकांवर टाकलेलीं फळें संध्याकाळपर्यंत ओरखडलेलीं दिसतात.

एका राहिलेल्या फळानें सारें झाड कां अडावें, हें समजून घेण्याजोगें आहे. भाजी हा माणसाचा हेतु; झाडाचा हेतु बीं. कोवळ्या फळांत बिया केवळ नांवापुरत्या, पाण्यानें भरलेल्या असतात. फळ पुढें वाढूं दिलें कीं त्या बिया भरूं लागतात, आणि पानांनीं केलेलें अन्न मुख्यतः तिकडे वाहूं लागतें. त्याबरोबरच त्या बियांमधून निघणाऱ्या द्रव्यांमुळें नव्या फळांची वाढ रोखली जाते. काकडीवर्गांतील पिकांत हें वारंवार पाहण्यांत आलेलें आहे. बीं तयार झालें, वंशाची सोय लागली, आतां श्रम कशास, असाच जणूं झाडाचा हिशेब असतो. फळ काढून घेतलें कीं झाड पुन्हां प्रयत्नास लागतें. सहा आठवडे अशी नेमानें तोडणी चालली तर एका झाडापासून १५ ते २० फळें मिळूं शकतात. पहिलींच दोन-तीन फळें कौतुकानें राखणाऱ्याच्या पदरीं तेवढींच पडतात. पाण्याचा हिशेबही तसाच आहे. ज्या गांवांत नळास आठवड्यांतून एक-दोनदांच पाणी येतें, तेथें त्या एका थोराड फळाच्या पोटांत किती बादल्या गेल्या, हें घरांतील पाणी भरणारा माणूसच सांगूं शकेल.

तरीही एखादें फळ नजरेंतून सुटतेंच. सुटलें असें दिसतांच तें खाण्याजोगें असो वा नसो, आधीं कापून काढावें. साल व बिया काढून तें किसावें, मीठ लावून पाणी पिळून घ्यावें, आणि तो कीस थालिपिठांत किंवा डाळीच्या वड्यांत घालावा. कोवळ्या फळाची साल मात्र काढूं नये. रुचि व रंग दोन्ही सालींतच असतात. झुकिनींत १०० पैकीं सुमारें ९५ भाग पाणीच असतें. त्यामुळें दुधीप्रमाणें झांकण ठेवून शिजवली तर तिचा लगदा होतो. कढई चांगली तापवावी, फोडणींत लसूण व हिरवी मिरची परतावी, जाडसर चकत्या टाकून मोठ्या आंचेवर उघड्याच परताव्या, आणि मीठ अगदीं शेवटीं घालावें. दोडक्यासारखें बेसन पेरूनही ती छान होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगीच्या भाजींत, वांगें, गाजर, वाल व हरभरे यांच्या मेळ्यांत, परसांतली झुकिनी कोणी घातली तर सनातनी स्वयंपाकघरासही त्यांत हरकत घेण्याजोगें कांहीं सांपडूं नये. मिरची नि बटाटा हेही एके काळीं समुद्रापलीकडूनच आले होते. शिल्लक राहिलेलीं फळें शीतकपाटाच्या भाजीच्या खणांत ठेवावीं. ५ अंशांखालच्या थंडीनें त्यांच्या सालीवर खळगे पडतात. आठवड्याच्या आंत संपवावीं हें बरें.

आतां त्या कडूपणाविषयीं. या कुळांतील रानटी फळांत 'कुकुर्बिटासिन' नांवाचीं कडू विषारी द्रव्यें असतात. माणसानें हजारों वर्षें निवडीनें गोड फळांचे वाण काढले; परंतु जुना गुण क्वचित्‌ उलटून येतो. २०१५ सालीं जर्मनींतील हायडेनहाइम येथें घरच्या बागेंत पिकलेल्या कडू झुकिनीची भाजी खाल्ल्यानंतर एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यु झाला. त्यांच्या पत्नीनें कडवट लागली म्हणून थोडीच खाल्ली होती, त्या बचावल्या. आपल्याकडेही कडू दुधीच्या रसानें माणसें दगावलीं आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनें कडू दुधीचा रस मुळींच घेऊं नये असा इशारा दिलेला आहे. हें विष शिजवून जात नाहीं. यास्तव प्रत्येक फळ चिरतांना एक लहानसा कच्चा तुकडा जिभेच्या टोंकावर ठेवून पाहावा. काकडीसारखा फिका-गोड लागला तर ठीक. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि तें फळ व शिजत असलेली सारी भाजी फेकून द्यावी. अन्न वायां घालवूं नये हा आपल्या घरांतला संस्कार उत्तम आहे, पण येथें तो बाजूस ठेवावा लागतो. 'थोडी कडू आहे, गूळ घालूं' हें वाक्य या भाजीच्या बाबतींत उच्चारूंच नये.

कडूपणा येतो कोठून, याविषयीं गैरसमज पुष्कळ आहेत. शेजारीं कारलें लावल्यानें झुकिनी कडू होते हें खरें नाहीं. कारलें, दोडका, दुधी यांच्याशीं तिचा संकर होत नाहीं, आणि कोहळ्याशींही सहसा होत नाहीं. शोभेसाठीं लावतात ते रंगीबेरंगी लहान भोपळे मात्र पुष्कळदां तिच्याच जातीचे असतात. त्यांचा पराग लागला तरी त्या सालचें फळ बदलत नाहीं. पण त्या फळांतलें बीं राखून पुढल्या वर्षीं पेरलें तर येणारें फळ कडू निघूं शकतें. म्हणून इतर भाज्यांचें बीं घरीं राखण्याची स्तुत्य चाल झुकिनीस लावतांना विचार करावा. संकरित वाणाचें बीं तर पुढच्या पिढींत फुटतेंच, म्हणजे आईसारखें फळ देत नाहीं. दरसाल नवी पुडी आणणें हेंच सुरक्षित. आणि ज्याची ओळख पटत नाहीं असें, उकिरड्यावर आपोआप उगवलेलें झुकिनीसारखें रोप कौतुकानें वाढवूं नये. पाण्याचा ताण व कडक ऊन यांनींही कडवटपणा वाढतो, यास्तव एप्रिलांतील शेवटचीं फळें विशेष जपून चाखावीं.

एप्रिलच्या पंधरवड्यानंतर घाटाखालीं, आणि थोड्या दिवसांनीं घाटावरही, पानें दुपारीं माना टाकतात, नरफुलेंच नरफुलें येतात, आणि बुडाकडील जुन्या पानांवर खरीखुरी भुरी दिसूं लागते. झाड त्या वेळीं उपटावें. निरोगी असल्यास पानें तोडून खताच्या खड्ड्यांत टाकावीं. मोझेक रोगानें पानें पिवळीं-हिरवीं चट्टेदार व आकसलेलीं झालीं असतील तर खड्ड्यांत न टाकतां दूर पुरावीं. त्याच आळ्यांत लगेच काकडी वा दोडका लावूं नये, कारण किडी व रोग कुळ ओळखून मुक्काम करतात. कुटाराचा थर तसाच राहूं देऊन गवारीचें बीं टोंचलें तर मेच्या उन्हांतही तें तग धरतें, आणि झुकिनीनें उपसलेल्या मातीस थोडी विश्रांति मिळते.